वाहाकाची मंडई आणि बाजारशाही

समाजवादी कार्यकर्त्यांच्या बोलण्यात 'बाजार' हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. शिक्षणाचा बाजार झाला, राजकारणाचा बाजार मांडला, माणुसकी बाजारात निघाली, अशी वाक्ये सभा-शिबिरांतून नित्य ऐकू येतात. त्यामागील रोष समजण्याजोगा आहे. परंतु त्यामुळे विचारांत एक घोटाळा होऊन बसला आहे. पाटीभर भाजी घेऊन बसलेली बाई जेथे आपला माल विकते तोही बाजार, आणि आयुष्यात कधी कणीस न सोललेला माणूस शिकागोच्या सट्टागृहात बसून सहा महिन्यांनंतरच्या मक्याचा भाव जेथे ठरवतो तोही बाजार! दोन परस्परविरोधी संस्थांची एकाच शब्दात मोट बांधली गेली आहे. भांडवली अर्थशास्त्राला ही सरमिसळ सोयीची वाटते, कारण त्यायोगे पहिलीची अब्रू दुसरीला पांघरता येते. समाजवाद्यांना ती परवडणारी नाही. हा गुंता उकलावयास मेक्सिकोतील वाहाका या ऐतिहासिक शहरातील एका लहानशा मंडईचे उदाहरण उपयोगी पडावे.

दक्षिण मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखात वसलेले वाहाका ही त्याच नावाच्या प्रांताची राजधानी. स्पॅनिश अमदानीत सोळाव्या शतकात आखलेले सरळ रेषांचे रस्ते, हिरवट दगडाच्या इमारती आणि सांतो दोमिंगोचे भव्य मंदिर यांमुळे १९८७ साली युनेस्कोने या शहराचा जुना भाग जवळच्या मोन्ते आल्बान या प्राचीन नगरीच्या अवशेषांसह जागतिक वारशाच्या यादीत घातला. शहराच्या मध्यभागी बेनितो हुआरेस आणि २० नोव्हेंबर या नावांच्या दोन मोठ्या मंडया आहेत. परदेशी पाहुण्यांची गर्दी असते ती तेथे. सांतो दोमिंगोच्या उत्तरेस थोडे चालून गेले की सांचेस पास्कुआस नावाची एक छोटी मंडई लागते. ती आहे भोवतालच्या वस्तीची. दैवाचा विनोद असा की, ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याला पोर्फिरिओ दियास या वाहाकातच जन्मलेल्या हुकूमशहाचे नाव आहे. १८७६ पासून १९११ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, सत्तेवर राहिलेल्या या गृहस्थाच्या राज्यात गावोगावची सामाईक जमीन बड्या जमीनदारांच्या घशात गेली आणि अखेर १९१० ची क्रांती पेटली. त्याच्या नावाच्या रस्त्यावर आज जमीन राखून असलेल्या गावांतल्या बाया मका विकत बसतात.

छपराखालचे जग

सकाळी या मंडईत शिरणाऱ्याला मराठी मुलखातील मंडईहून फारसे निराळे काही दिसत नाही. टोमॅटोचे ढीग, ओल्या आणि वाळल्या मिरच्यांच्या राशी, भोपळे, पेरू, चिकू, शेंगदाणे. यात नवल नाही, कारण यांतील बहुतेक वाण मूळचे अमेरिका खंडातलेच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची गोव्यात उतरण्यापूर्वी कोकणातल्या कालवणाला तिखटपणा मिऱ्यांचा होता. 'टोमॅटो' आणि 'चिकू' या शब्दांचे मूळही मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत सापडते. थोडे पुढे गेले की मात्र खास वाहाकाचा माल दिसू लागतो. धुरावलेल्या वासाची, मिखे जमातीच्या डोंगरांतून येणारी पासिया मिरची. एपासोते आणि होहा सांता यांसारख्या उग्र वासाच्या पालेभाज्या. लिंबू, मीठ व लसूण लावून परतलेले नाकतोडे. दोरीसारख्या ताणून गुंडाळी केलेल्या केसियो चीजचे गोळे. आणि मोले या रश्श्याचे, निरनिराळ्या मिरच्या-मसाले वाटून केलेले काळे-तांबडे गोळे. एका बाजूस केळीच्या पानात बांधून वाफवलेले तामाल विकले जात असतात. दुसरीकडे मातीच्या खापरावर भाकरीसारख्या मेमेला भाजल्या जातात. मका, कोको, मामेय फळाची बी आणि एक सुगंधी फूल वाटून केलेले तेहाते हे पेय मोठ्या भांड्यात फेसाळत असते. ते करण्यात वाकबगार समजल्या जातात त्या सान आंद्रेस उआयापाम या गावच्या बाया. फुलांसाठी सान आंतोनिनो हे गाव प्रसिद्ध, तर चीजसाठी एत्ला खोरे. मालासोबत गावाचे नाव येते, आणि गावाच्या नावासोबत जबाबदारी.

येथला व्यवहार कसा चालतो हे पाहण्याजोगे आहे. विकणारी आणि घेणारी दोघीही परस्परांना 'मार्चान्ता' अशीच हाक मारतात. दुकानदार व गिऱ्हाईक यांना एकच संबोधन असावे, ही गोष्ट लहान वाटली तरी अर्थपूर्ण आहे. माप झाल्यावर वर मूठभर काही घालावयाचे, त्याला 'पिलोन' म्हणतात. झुकते माप घालण्याची मराठी बाजारातील रीत ती हीच. भाव होतो, घासाघीस होते, उधारी चालते. पण ती दोन माणसे उद्या पुन्हा समोरासमोर येणार आहेत या जाणिवेने. खेड्यांतही याच स्वभावाच्या संस्था आहेत. 'तेकियो' म्हणजे गावकामासाठी प्रत्येकाने द्यावयाचे बिनमोल श्रम आणि 'गेलागेत्सा' म्हणजे लग्नकार्यात दिलेल्या आहेराची नोंद ठेवून तो योग्य वेळी परत करण्याची चाल. ज्यांनी इर्जिक पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

वाहाका खोऱ्यातील बाजारांचा शास्त्रीय अभ्यास १९४०-४१ साली मालिनोव्स्की या जगप्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञाने हुलिओ दे ला फुएन्ते या मेक्सिकन सहकाऱ्यासह केला. खोऱ्यातील गावांचे बाजार आठवड्याच्या ठरलेल्या वारी भरतात. त्लाकोलुलाचा रविवारचा बाजार आजही मोठा असतो. या वारांच्या साखळीतून सारा प्रदेश एकमेकांशी बांधलेला आहे. कोर्तेस या स्पॅनिश आक्रमकाने १५२० साली आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजार माणसे खरेदी-विक्री करतात असे नमूद केले होते. साम्राज्य कोसळले, देव बदलले, भाषा मागे रेटल्या गेल्या. पण आठवडे बाजाराला मेक्सिकोत आजही 'तियांगिस' हा जुना नाहुआत्ल शब्दच चालतो. इतकी चिवट संस्था भांडवलशाहीची अपत्य असणे शक्य नाही, कारण ती भांडवलशाहीहून कितीतरी वडील आहे.

दोन व्यवहार

मार्क्सने मालाच्या अभिसरणाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. पहिल्यात माणूस माल विकून पैसा घेतो आणि त्या पैशाने गरजेचा दुसरा माल घेतो. दुसऱ्यात पैसेवाला पैसा घालून माल घेतो, तो अधिक पैशाला विकण्यासाठी. पहिल्याला गरज भागली की विराम मिळतो. दुसऱ्याला विराम ठाऊकच नाही. भोपळ्याची फुले विकून मुलाची वही, साबण आणि बसचे भाडे भागवणारी बाई पहिल्या व्यवहारात असते. मंडईतील सगळेच विक्रेते इतके निर्मळ नाहीत. त्यांत दलाल आहेत, खेड्यातून येणारा माल वाटेतच पाडून घेणारे आहेत. तरी मंडईचा कल पहिल्याकडे असतो, कारण तेथे विकणारा आणि पिकवणारा यांत अंतर थोडे, जागा पालिकेची, आणि शेजारच्याच फळीवर स्पर्धक बसलेला.

हा 'जागा पालिकेची' मुद्दा कळीचा आहे. मेक्सिकोतील मंडई ही सार्वजनिक मालमत्ता असते. ओटा नगरपालिका देते आणि विक्रेता तिला शुल्क भरतो. क्रांतीनंतरच्या राजवटींनी मंडया बांधणे हे शाळा बांधण्याइतकेच शासनाचे कर्तव्य मानले. मेक्सिको शहरातील आबेलार्दो रोद्रीगेस ही १९३४ ची मंडई तर दिएगो रिवेराच्या मार्गदर्शनाखाली तरुण चित्रकारांनी भित्तिचित्रांनी सजवली. कांदे-बटाटे घेण्यास येणाऱ्या श्रमिकाला कलाही तेथेच भेटावी, असा त्यामागील विचार होता. बाजार लोकांचा, जमीन समाजाची आणि देखरेख लोकनियुक्त संस्थेची. समाजवादाच्या ओसाड व्याख्यांना देह द्यावयाचा तर तो असाच कोठेतरी मिळतो.

मक्याची लूट

अशा मंडईचा शत्रू कोण, हे १ जानेवारी १९९४ पासून मेक्सिकोला पुरते कळले. त्या दिवशी अमेरिका व कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार, म्हणजे नाफ्टा, अमलात आला आणि त्याच दिवशी शेजारच्या चियापास प्रांतात झापातिस्तांनी बंड पुकारले. कराराची पूर्वतयारी म्हणून १९९२ सालीच राज्यघटनेचे सत्ताविसावे कलम बदलण्यात आले होते. क्रांतीने १९१७ च्या घटनेत गावांना दिलेल्या सामाईक जमिनी विकण्यास त्यामुळे वाट मोकळी झाली. मक्याला पंधरा वर्षांचे संरक्षण कागदावर होते. पण ठरलेल्या मर्यादेपलीकडील आयातीवरही मेक्सिकोच्या सरकारने जकात वसूल केली नाही. अमेरिकेच्या तिजोरीतून अनुदान घेऊन यंत्रांनी पिकवलेला पिवळा मका आणि वाहाकाच्या उतारावर बैलाने नांगरून पिकवलेला गावरान मका यांना 'समान स्पर्धक' ठरवण्यात आले. किमान भावाने धान्य घेणारी आणि स्वस्तात पुरवणारी कोनासुपो ही सरकारी संस्था १९९९ साली मोडीत काढली गेली. वाहाकाची तरुण मुले मोठ्या संख्येने कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरीस गेली. ज्या देशाच्या मक्याने त्यांना शेतीतून उठवले, त्याच देशाची फळे ती तोडू लागली.

आणि स्वस्ताईचे आश्वासन? जानेवारी २००७ मध्ये तोर्तियाचे भाव इतके भडकले की हजारो लोक राजधानीत रस्त्यावर आले आणि सरकारला उद्योगपतींशी भावाचा तह करावा लागला. आयात वाढली, शेतकरी हटला, भाव मात्र बड्या साठेदारांच्या मुठीत गेला. दोन हंगामांमधल्या धान्याच्या भावातील चढउताराला आणि कारखानी मालाच्या किमतीला मर्यादा घालण्याची जी 'दाम बांधो' मागणी डॉ. राममनोहर लोहियांनी केली होती, तिचा अर्थ मेक्सिकोच्या गृहिणींना अशा रीतीने उलट्या बाजूने शिकावा लागला.

वाहाकाला हा घाव विशेष खोल गेला, कारण मका ही त्या भूमीची निर्मिती आहे. मित्लाजवळच्या गिला नाकित्स गुहेत सुमारे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची मक्याची कणसे सापडली आहेत. रानटी गवतापासून हे धान्य शेकडो पिढ्यांच्या निवडीतून घडले. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून तो पाट्यासारख्या दगडी मेतातेवर वाटण्याची कृतीही तेथल्याच स्त्रियांची. या कृतीमुळे मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळते. युरोपने मका नेला, पण ही विद्या नेली नाही. परिणामी उत्तर इटलीतील मकाभक्षक गरीब शेतकऱ्यांत पेलाग्राचा रोग माजला. या शोधाबद्दल त्या स्त्रियांनी कोणाकडून स्वामित्वधन मागितले नाही. उलट २००१ साली वाहाकाच्या डोंगरातील गावरान मक्यात प्रयोगशाळेत घडवलेल्या वाणांचे अंश आढळल्याचे दोन शास्त्रज्ञांनी जाहीर केले, तेव्हा मेक्सिकोत अशा वाणांच्या लागवडीस १९९८ पासून बंदी होती! त्या संशोधनावर वादंग माजले. पण प्रश्न मिटला नाही. 'मक्याविना देश नाही' ही घोषणा २००७ पासून देशभर गाजली. सरकारने अशा मक्यावर घातलेले निर्बंध डिसेंबर २०२४ मध्ये नव्या व्यापार कराराच्या लवादाने अमान्य केले. तेव्हा मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने निदान त्याच्या लागवडीची बंदी थेट राज्यघटनेतच लिहून टाकली. लोकांनी निवडलेल्या सरकारने काय खाऊ घालावे हे व्यापारी लवादाने ठरवावे, ही बाजारशाहीची खरी ओळख.

या मक्याशी महाराष्ट्राचेही एक नाते आहे. वर्ध्यास जन्मलेले गदर पक्षाचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे परागंदा होऊन मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा चालवल्या. रिवेराने शिक्षण खात्याच्या इमारतीतील आपल्या भित्तिचित्रात श्रमिकांच्या पंगतीत भाकरी मोडणारा माणूस म्हणून त्यांनाच रंगवले आहे. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या कार्याची जाण मायभूमीपेक्षा मेक्सिकोलाच अधिक होती.

कौतुकाचा धोका

मंडईवर दुसरे संकट गोड तोंडाने येते. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेलाही वारशाचा मान दिला. वाहाकाच्या खाद्यपदार्थांची कीर्ती जगभर गेली. पाहुणे आले, पाठोपाठ घरे भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्या आल्या, आणि मंडईभोवतालची घरे रात्रीच्या भाड्याने जाऊ लागली. ज्या वस्तीसाठी मंडई आहे ती वस्तीच उठली तर मंडई उरेल ती केवळ छायाचित्रापुरती. जानेवारी २०२४ मध्ये वाहाकाच्या रहिवाशांनी याविरुद्ध मोर्चा काढला. जुलै २०२५ मध्ये राजधानीतही तेच लोण पोहोचले. वारसा जपावयाचा तर दगडांच्या आधी भाडेकरू जपावा लागतो, हे युनेस्कोच्या फलकावर लिहिलेले नसते.

वाहाकाचे लोक गप्प बसणारे नाहीत, ही समाधानाची बाब. २००२ साली मॅकडोनाल्डने शहराच्या मुख्य चौकात, सोकालोत, दुकान काढण्याचा घाट घातला. तेव्हा फ्रान्सिस्को तोलेदो या थोर चित्रकाराने विरोधाची हाक दिली. चौकात लोकांना फुकट तामाल वाटण्यात आले, हजारोंच्या सह्या गोळा झाल्या आणि वर्षअखेरीस नगरपालिकेने परवानगी नाकारली. २००६ साली शिक्षकांच्या संपावर १४ जूनला पोलीस घातले गेले, त्यातून साऱ्या प्रांताचे लोकआंदोलन उभे राहिले. १ ऑगस्टला पातेली आणि पळ्या बडवीत निघालेल्या बायांच्या मोर्चाने सरकारी दूरचित्रवाणी केंद्रच ताब्यात घेतले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात मुंबईत निघालेले लाटणे मोर्चे ज्यांनी पाहिले, त्यांना या पातेल्यांचा आवाज परका वाटू नये. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच प्रांताच्या विधिमंडळाने अल्पवयीन मुलांना साखरपेये व पाकीटबंद चटकमटक विकण्यास बंदी केली.

तरी मंडईचे सोवळे चित्र रंगवणे ही फसवणूक ठरेल. मेक्सिकोतील विक्रेत्यांच्या संघटना अनेक दशके सत्ताधारी पीआरआय पक्षाच्या दावणीला बांधलेल्या होत्या. ओटा हवा तर मिरवणुकीला चला, असा सौदा होता. आत पक्का ओटा असलेला आणि बाहेर जमिनीवर फडके अंथरून बसणारी यांच्यात वर्गभेद आहे. ती बहुधा आदिवासी, बहुधा स्त्री. आणि तिला हुसकावण्याची मागणी पुष्कळदा आतूनच येते. पहाटे उठून रात्री घरी परतणाऱ्या या स्त्रीच्या श्रमाचे मोल पाहुण्यांच्या कौतुकाने भरून येत नाही. मंडई लोकशाही पद्धतीने चालावयास हवी, बाहेरच्यांना आत हक्क हवा, दलालाऐवजी उत्पादकांचे सहकारी संघ हवेत. हे काम चळवळीचे आहे. ते आपोआप होत नाही.

कार्यकर्त्यांनी काय घ्यावे

भारताला हा धडा दूरचा नाही. ज्या वॉलमार्टने १९९१ मध्ये भागीदारीने मेक्सिकोत पाऊल टाकले, १९९७ मध्ये त्या भागीदार कंपनीवरच ताबा मिळवला आणि पुढे त्या देशातील सर्वांत मोठा खाजगी मालक होऊन दाखवले, त्याच कंपनीने २०१८ साली भारतातील फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. भारतात २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा कायदा झाला. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांना, अशी चांगली तरतूद त्यात आहे. परंतु बहुतेक शहरांत सर्वेक्षण रखडले, निवडणुका रखडल्या, अतिक्रमणविरोधी गाडी मात्र वेळेवर येते. मुंबई-पुण्याच्या मंडयांना महात्मा फुल्यांचे नाव आहे. शेतकऱ्याचा आसूड ओढणाऱ्या त्या महापुरुषाच्या नावाखाली माळव्याला भाव मिळतो की नाही, हे पाहणारा कार्यकर्ता मात्र दुर्मिळ.

म्हणून 'बाजारविरोधी' हे बिरुद समाजवाद्यांनी आता जपून वापरावे. बाजारशाहीला विरोध हवा, आणि तो करण्याची पहिली पायरी म्हणजे बाजार वाचवणे. मंडईची जमीन विकासकाच्या हाती जाऊ न देणे, पालिकेच्या अंदाजपत्रकात ओटे, पाणी, शौचालय व पाळणाघर यांसाठी तरतूद मागणे, पथविक्रेता समित्यांच्या निवडणुका लावून घेणे आणि खेड्यातील उत्पादक गटाला शहरातील ओट्याशी जोडून देणे, ही कामे प्रत्येक तालुक्याच्या शाखेला आज हाती घेता येतील. त्यांसाठी सत्ता येण्याची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ मंडईत घालवावी लागते, एवढेच.